धनुष्य धनुर्धराहून बलवान नसावे

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी, प्रबंधातून डोके थोडे मोकळे व्हावे म्हणून मी संस्थेजवळच्या मैदानावर धनुर्विद्या शिकायला जाऊ लागले. पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांनी 24 पौंडांचे धनुष्य हाती दिले. मला ते पोरकट वाटले. त्याच रात्री मी वहीत ऊर्जेचे गणित मांडले आणि जोर दुप्पट केला तर बाणाला मिळणारी ऊर्जाही जवळजवळ दुप्पट होते, असा निष्कर्ष काढला. पंधरा दिवसांत मी 45 पौंडांचे धनुष्य विकत घेतले. पुढच्या सहा आठवड्यांत माझे बाण लक्ष्यफलकाच्या चारही दिशांना गेले आणि सातव्या आठवड्यात उजवा खांदा असा धरला की तीन महिने फळ्यावर डोक्याच्या वर लिहिता येईना. प्रशिक्षकांनी माझी वही पाहिली. ते एवढेच म्हणाले, "मॅडम, धनुष्याचं गणित बरोबर आहे. पण ते ओढणारं माणूस यात कुठंय?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी भौतिकशास्त्रातून इतिहासात गेले. शिकारीसाठी धनुष्य किती जोराचे असावे, हा प्रश्न माणसाने हजारो वर्षे सोडवला आहे. ज्यांना हे उत्तर चुकवणे परवडत नव्हते, अशा लोकांनी तो सोडवला आहे. त्यांचे शहाणपण आणि विसाव्या शतकातले भौतिकशास्त्र एकमेकांशी कसे जुळते, हे आज विद्यार्थी मित्रांसमोर मांडायचे आहे.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करते. पहिली, भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, आणि विशेषतः 1991 च्या दुरुस्तीनंतर, वन्य प्राण्यांच्या शिकारीवर जवळजवळ पूर्ण बंदी आहे. हा लेख शिकारीचा मार्गदर्शक नाही. तो एका तंत्राचा इतिहास आहे. दुसरी गोष्ट शब्दाची. धनुष्याची दोरी पूर्ण ओढून धरली असता बोटांवर जे बल येते, त्याला मैदानावर 'ड्रॉ वेट' किंवा 'पाउंडेज' म्हणतात. मी त्याला 'ओढीचा जोर' म्हणेन. तो जगभर पौंडांत मोजतात. एक पौंड बल म्हणजे साधारण 4.45 न्यूटन. 40 पौंडांचे धनुष्य ओढून धरणे म्हणजे सुमारे 18 किलोचे वजन तीन बोटांवर पेलणे, आणि तेही हात न थरथरता.

हा जोर निवडताना दोन मर्यादा समोर येतात. खालची मर्यादा सावज ठरवते: याहून कमी जोर असेल तर बाण पुरेसा खोल जात नाही, प्राणी जखमी होऊन रानात पळतो आणि दिवसेंदिवस तडफडतो. वरची मर्यादा धनुर्धराचे शरीर ठरवते. अमेरिकेतील अनेक राज्यांनी हरणाच्या शिकारीसाठी किमान जोर कायद्यानेच ठरवून दिला आहे, बहुधा 30 ते 50 पौंडांच्या दरम्यान. प्राण्याला यातना कमी व्हाव्यात, हा त्यामागचा हेतू आहे. वरच्या मर्यादेबद्दल कायदा सहसा गप्प असतो. ती प्रत्येकाने स्वतः ओळखायची असते, आणि माझ्यासारखे लोक नेमके तिथेच चुकतात.

खालच्या मर्यादेपासून सुरुवात करू. बंदुकीची गोळी आणि बाण या दोन्हींकडे आपण 'अस्त्र' म्हणून एकाच नजरेने पाहतो. पण त्यांचे काम करण्याचे तत्त्व वेगळे आहे. वेगवान गोळी आपल्या प्रचंड ऊर्जेने ऊती फाडते. बाण मात्र सुरीसारखा कापतो. त्याचे पाते रक्तवाहिन्या छेदते आणि प्राणी रक्तस्रावाने कोसळतो. बाणाची ऊर्जा किती अल्प असते, याचा अंदाज क्रिकेटवरून येईल. ताशी 140 किलोमीटर वेगाने टाकलेल्या 160 ग्रॅमच्या चेंडूची गतिज ऊर्जा सुमारे 120 जूल भरते. 40 पौंडांच्या साध्या लाकडी धनुष्यातून सुटलेल्या 30 ग्रॅमच्या बाणाची ऊर्जा जेमतेम 33 जूल. चेंडू चौपट ऊर्जा घेऊन येतो आणि बरगडीवर निळा डाग उमटवतो. बाण चतुर्थांश ऊर्जेत बरगड्यांच्या मधून आरपार जाऊ शकतो. फरक टोकाच्या क्षेत्रफळाचा आणि धारेचा आहे. म्हणजेच खालची मर्यादा केवळ जोराने ठरत नाही. सावज कोणते आणि टोक कसे, यावर ती अवलंबून असते.

आदिम शिकाऱ्यांनी या गोष्टीचा पुरेपूर उपयोग केला. आपल्या शेजारच्या श्रीलंकेत फा-हिएन लेना नावाची गुहा आहे. तेथे सापडलेल्या, सुमारे 48,000 वर्षांपूर्वीच्या हाडांच्या टोकांवरील संशोधन 2020 मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. टोकांवरील झीज आणि तडे पाहून संशोधकांनी ती बाणांची टोके असल्याचे अनुमान काढले. आफ्रिकेबाहेर धनुष्यबाणाचा हा अतिशय जुना पुरावा मानला जातो. त्या गुहेतले सावज मुख्यतः माकडे आणि खारी होते. वर्षावनातल्या झाडावरची खार मारायला दणकट धनुष्य लागत नाही. तिथे लागतो तो चटकन ओढता येणारा, पुन्हापुन्हा सोडता येणारा हलका कामठा.

मोठे सावज असेल, तरीही जोर वाढवणे हा एकच मार्ग नव्हता. कालाहारीतील सान लोकांची धनुष्ये अगदी हलकी असतात. पण बाणाला एका भुंग्याच्या अळीपासून काढलेले विष लावलेले असते. आपल्याकडे अरुणाचलातील आदी आणि मिश्मी लोक बाणांसाठी बचनागाच्या कुळातील वनस्पतींचे विष वापरत. त्यातील ॲकोनिटीन हे द्रव्य हृदयाच्या पेशींतील सोडियमच्या वाहिन्या बंद होऊ देत नाही आणि हृदयाची लय बिघडते. बाणाने फक्त कातडीखाली पोचायचे; उरलेले काम रसायनशास्त्र करते.

अंदमानातील उपाय तर निव्वळ यांत्रिकीचा आहे. तेथील रानडुकराच्या बाणाचे टोक दांड्यात सैलसर बसवलेले असते आणि एका पीळदार दोरीने दांड्याला जोडलेले असते. बाण लागताच डुक्कर पळू लागते, टोक दांड्यापासून सुटते, पण दोरीमुळे दांडा मागे फरफटत येतो आणि झुडपांत अडकतो. पळणाऱ्या सावजाला जंगलच धरून ठेवते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अंदमानात अधिकारी असलेल्या एडवर्ड होरेस मॅन यांनी या बाणांचे तपशीलवार वर्णन करून ठेवले आहे. सातपुड्यातील आणि राजस्थान-गुजरातेतील भिल्लांचा तीरकामठा पाहा. बांबूचे धनुष्य, दोरीच्या जागी बांबूचीच चिरलेली पट्टी, आणि पक्ष्यांसाठी मुद्दाम बोथट ठेवलेले तीर. अशा शिकाऱ्याला 'किती पौंडांचे?' हा प्रश्न एकटा सुटा असा पडत नाही. त्याला पडतो तो 'कशासाठी, किती जवळून, कोणत्या बाणाने?' असा जोडप्रश्न.

आता माझ्या वहीतल्या गणिताकडे येऊ. साधे धनुष्य हे जवळजवळ स्प्रिंगसारखे वागते. दोरी जितकी मागे घ्यावी, तितके बल साधारण त्याच प्रमाणात वाढत जाते. बल आणि अंतर यांचा आलेख काढला तर त्याखाली एक त्रिकोण तयार होतो आणि त्याचे क्षेत्रफळ म्हणजे साठलेली ऊर्जा: अर्धा गुणिले अंतिम जोर गुणिले ओढीचे अंतर. दोरी मूळच्या जागेपासून 53 सेंटीमीटर मागे नेली असे धरले, तर 40 पौंडांच्या धनुष्यात सुमारे 47 जूल आणि 60 पौंडांच्या धनुष्यात सुमारे 71 जूल साठतात. इथपर्यंत माझे गणित बरोबर होते. जोर दीडपट, तर ऊर्जा दीडपट.

पण बाण उडतो तो वेगाने, आणि वेग ऊर्जेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. दीडपट ऊर्जेने वेग दीडपट होत नाही. फार तर 22 टक्के वाढतो. प्रत्यक्षात तेवढाही वाढत नाही, कारण सोडलेली सगळी ऊर्जा बाणाला मिळत नाही. धनुष्याच्या भुजा आणि दोरी यांनाही पुढे झेपावायचे असते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ पॉल क्लॉपस्टेग यांनी ही गोष्ट एका सुंदर कल्पनेत बसवली. धनुष्य असे वागते की जणू बाणाबरोबर एक अदृश्य, ठरावीक वजन सतत प्रवास करत आहे. त्याला त्यांनी 'आभासी वस्तुमान' म्हटले. जास्त जोराच्या धनुष्याच्या भुजा जाड असतात, म्हणून हे अदृश्य ओझेही वाढते. 40 पौंडांसाठी ते 13 ग्रॅम आणि 60 पौंडांसाठी 18 ग्रॅम असे उदाहरणादाखल घेतले, तर 30 ग्रॅमच्या बाणाचा वेग अनुक्रमे सेकंदाला 47 मीटर आणि 54 मीटर येतो. 18 ऐवजी 27 किलोंचे ओझे बोटांवर घेऊन आपण मिळवले काय? वेगात जेमतेम 16 टक्के.

क्लॉपस्टेग, बेल प्रयोगशाळेतील क्लॅरेन्स हिकमन आणि अभियंते फॉरेस्ट नॅगलर या तिघांनी 1930 च्या दशकात धनुष्याला पहिल्यांदा काटेकोरपणे प्रयोगशाळेत आणले. त्यांच्या लेखांचा संग्रह 1947 मध्ये निघाला. हिकमन यांनी अतिवेगवान चित्रीकरणाने दाखवले की सुटणारा बाण सरळ जात नाही. तो माशासारखा वळवळत, धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून पुढे सरकतो. हे वाकणे बाणाच्या ताठरपणावर आणि धनुष्याच्या जोरावर अवलंबून असते. 40 पौंडांसाठी निवडलेला बाण 60 पौंडांवर चढवला, तर तो प्रमाणाबाहेर वाकून भलतीकडे जातो. धनुष्य बदलले की बाणही बदलावे लागतात, हे पूर्वीचे तीरगर अनुभवाने जाणत होते.

आता वरची मर्यादा, म्हणजे माझ्या समीकरणातून गळालेला माणूस. आपण 20 मीटरवर उभ्या असलेल्या सावजाचा विचार करू. हवेचा रोध बाजूला ठेवून, आडव्या सोडलेल्या बाणाचे गणित करू. 47 मीटरच्या वेगाने जाणारा बाण तिथे पोचेपर्यंत सुमारे 90 सेंटीमीटर खाली येतो. 54 मीटरचा सुमारे 66 सेंटीमीटर. जादा जोराने मिळालेला फायदा म्हणजे पथ 24 सेंटीमीटर कमी वाकतो. चांगला फायदा आहे. आता दुसरी बाजू पाहा. सुटण्याच्या क्षणी हात फक्त एक अंश हलला, तर 20 मीटरवर बाण 35 सेंटीमीटर चुकतो. एका अंशाच्या थरथरीने सगळी कमाई गेली, वर खिशातले अकरा सेंटीमीटर गेले.

इथे एक सूक्ष्म पण निर्णायक भेद आहे. गुरुत्वाकर्षणाची चूक नियमित असते. हलक्या धनुष्याचा बाण दर वेळी तेवढाच खाली येतो, म्हणून सराव करणारा डोळा ती आपोआप जमेस धरतो. थरथरीची चूक अनियमित असते; ती कधी डावीकडे, कधी वर. तिला जमेस धरता येत नाही. मोजमापशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर जड धनुष्य नियमित त्रुटी कमी करते आणि यादृच्छिक त्रुटी वाढवते. प्रयोगशाळेत असा सौदा मी कधीही केला नसता. मैदानावर मात्र तोच केला.

जोर वाढला की थरथर का वाढते? स्नायू जितके जास्त बल लावतो, तितके त्या बलातील चढउतारही वाढतात, हे शरीरक्रियाशास्त्रात प्रस्थापित आहे. 1960 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ वॉल्टर रोमर्ट यांनी स्थिर ओझे किती वेळ धरता येते, याचा प्रसिद्ध आलेख मांडला. कमाल ताकदीच्या निम्मे ओझे माणूस साधारण एक मिनिट धरू शकतो. ओझे कमाल ताकदीच्या जवळ जाऊ लागले की हा वेळ झपाट्याने काही सेकंदांवर येतो. सावज झाडाआडून पुढे येईपर्यंत दोरी ओढून थांबणाऱ्या शिकाऱ्यासाठी तेच काही सेकंद महत्त्वाचे असतात.

याहून वाईट गोष्ट अशी की फार जड धनुष्य पूर्ण ओढलेच जात नाही. साठलेली ऊर्जा ओढीच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. 60 पौंडांचे धनुष्य पूर्ण ओढीपेक्षा फक्त तीन इंच कमी ओढले, म्हणजे 21 ऐवजी 18 इंच, तर ऊर्जा सव्वीस-सत्तावीस टक्क्यांनी घटते. ती 44 पौंडांच्या, पण पूर्ण ओढलेल्या धनुष्याएवढी होते. शिवाय जाड भुजांचे आभासी ओझे तसेच राहते. म्हणजे 60 पौंडांचे कष्ट सोसून आपण 44 पौंडांहून मंद बाण सोडतो. माझ्या 45 पौंडांच्या धनुष्याचे याच न्यायाने काय होत होते, ते मी नंतर मोजले. मला लाज वाटली.

आणि मग मला शार्ङ्गधरपद्धती भेटली. 1363 मधला हा संस्कृत सुभाषितांचा आणि विविध विद्यांचा मोठा संग्रह. पीटर पीटरसन यांनी तो संपादित करून 1888 मध्ये मुंबईत छापला. त्यात धनुर्वेदाचे एक प्रकरण आहे. त्याचा आशय असा: धनुष्य आपल्या बाहुबलाच्या अंदाजापेक्षा किंचित कमीच असावे. धनुर्धर धनुष्याहून बलवान असणे चांगले. धनुष्य धनुर्धराहून बलवान असणे नव्हे. आणि ज्याला धनुष्यच पीडा देत आहे, त्या धनुर्धराला लक्ष्य दिसत नाही. धनुर्वेदाच्या परंपरेत सरावाचे धनुष्य आणि युद्धाचे धनुष्य असा भेदही केलेला आढळतो. आधी पहिल्यावर हात बसवायचा, मगच दुसरे घ्यायचे.

विद्यार्थी मित्रांनी इथे सावध राहावे. या श्लोकांत आभासी वस्तुमान नाही, रोमर्टचा आलेख नाही, स्नायूंच्या चढउतारांची सांख्यिकी नाही. 'आपल्या पूर्वजांना सगळे भौतिकशास्त्र ठाऊक होते' असा निष्कर्ष त्यातून काढणे हा पूर्वजांचाही अपमान आहे आणि भौतिकशास्त्राचाही. त्यात आहे ते वेगळे आणि तितकेच मोलाचे: पिढ्यान्‌पिढ्या डोळे उघडे ठेवून केलेले निरीक्षण. 'लक्ष्य दिसत नाही' हे शब्द मी माझ्या त्या सहा आठवड्यांबद्दल लिहू शकले असते. पूर्ण जोर लावताना नजर लक्ष्यावर राहत नाही, ती खांद्यात जाते. हे समीकरणाने सांगितले नव्हते. ते कोणीतरी सहाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते.

कोणी म्हणेल, मग इतिहासातल्या त्या अजस्र धनुष्यांचे काय? ती होती, पण त्यांचा प्रश्न वेगळा होता. दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखक आरियन याने सिकंदराचा आरमारप्रमुख निआर्कस याच्या आधारे भारतीय पायदळाचे वर्णन केले आहे. धनुष्य पुरुषभर उंच, ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ओढायचे, बाण जवळजवळ तीन हात लांब, आणि त्यापुढे ढाल-चिलखताचाही टिकाव लागत नसे. हाताची ताकद अपुरी पडते, तिथे पायाची घेतली. पण त्याची किंमतही होती. इ.स.पू. 326 मध्ये झेलमच्या काठी पोरसाची सेना उभी राहिली तेव्हा पावसाने जमीन निसरडी झाली होती आणि धनुष्ये टेकवायला घट्ट आधार मिळेना, असे रोमन इतिहासकार कर्टियस नोंदवतो. ज्या आधारामुळे जोर मिळत होता, तोच गेला.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. आठव्या हेन्रीचे 'मेरी रोझ' हे लढाऊ जहाज 19 जुलै 1545 रोजी बुडाले आणि 1982 मध्ये वर काढले गेले. त्यात 137 अखंड धनुष्ये आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण मिळाले. त्या धनुष्यांचा जोर अंदाजे 100 ते 180 पौंडांच्या दरम्यान असावा, असे अभ्यासक मानतात. पण रणांगणावरचा धनुर्धर एका हरणाच्या बरगड्यांच्या मधल्या फटीवर नेम धरत नव्हता. तो दोनशे मीटरवरच्या चिलखती गर्दीवर जड बाणांचा पाऊस पाडत होता. अंतर आणि भेदकता महत्त्वाची. एका अंशाची चूक झाली तरी बाण कोणाला तरी लागणारच. शिवाय ती ताकद एका वर्षात आलेली नव्हती. धर्मोपदेशक ह्यू लॅटिमर यांनी 1549 च्या प्रवचनात आपले बालपण आठवले आहे: वडील त्यांच्या वयाला आणि बळाला साजेशी धनुष्ये आणून देत, आणि मुलगा वाढेल तशी ती मोठी होत जात. हिंदुस्थानातला संग्राहक आणि इंग्लंडमधला शेतकरी यांची कधी भेट झाली नव्हती. तरी दोघांचा नियम एकच निघाला, कारण दोघांसमोरचा खांदा एकाच प्रकारच्या हाडामांसाचा होता.

शिकाऱ्याचे उत्तर मात्र नेहमी जवळ जाण्याचे राहिले. अंतर निम्मे केले, 20 मीटरचे 10 केले, तर एका अंशाची चूक 35 वरून साडेसतरा सेंटीमीटरवर येते आणि 90 सेंटीमीटरची घसरण 22 वर. हा लाभ कोणत्याही जड धनुष्याने मिळत नाही. तो मिळतो वाऱ्याची दिशा ओळखण्यातून, पाऊल न वाजवण्यातून, तासन्‌तास थांबण्यातून. कॅलिफोर्नियातील याही जमातीचा शेवटचा माणूस, इशी, 1911 मध्ये जंगलातून बाहेर आला. त्याच्याकडून धनुर्विद्या शिकलेल्या डॉ. सॅक्स्टन पोप यांच्या नोंदींनुसार त्याचे शिकारीचे धनुष्य सुमारे 40 ते 45 पौंडांचे होते. एवढ्यावर तो हरणे मारी. तो जवळ जाई, किंवा हरणाला जवळ बोलावी.

आपल्या देशात या परंपरेचा धागा क्रीडांगणापर्यंत पोचलेला आहे. राजस्थानातील आदिवासी कुटुंबात वाढलेले लिंबा राम लहानपणी बांबूच्या धनुष्याने रानात नेम धरत. 1987 च्या सुमारास सरकारी क्रीडा योजनेने त्यांना हेरले आणि पुढे 1988, 1992 व 1996 अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांत ते भारताकडून उतरले. बांबूच्या कामठ्यावर तयार झालेली नजर आधुनिक धनुष्यावर नव्याने कमवावी लागली नाही. नवे होते ते साधन. आज आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील पुरुष धनुर्धरांची धनुष्ये साधारण 45 ते 50 पौंडांची असतात. जगातील सर्वोत्तम खांदे, रोज शेकडो बाणांचा सराव, आणि तरी आकडा एवढाच. मी तोच आकडा दुसऱ्या आठवड्यात निवडला होता.

1969 मध्ये अमेरिकेत हॉलिस विल्बर ॲलन यांना चाकांच्या 'कंपाउंड' धनुष्याचे पेटंट मिळाले. त्यात दोरी पूर्ण मागे आली की विक्षिप्त चाकांमुळे बोटांवरचा भार एकदम घटतो. ऊर्जा साठलेली राहते, पण धरून ठेवण्याचे कष्ट कमी होतात. अभियांत्रिकीने दोन मर्यादांमधले अंतर असे रुंद केले. पण ओढताना मधला शिखरभार खांद्याला सोसावाच लागतो, म्हणून निवडीचा नियम तिथेही सुटत नाही.

कोणी धनुर्विद्या शिकणार असेल तर कसोटी सोपी आहे. धनुष्य समोर धरून, आकाशाकडे न झुकवता, शरीर न पिळता दोरी सावकाश पूर्ण ओढता आली पाहिजे. लक्ष्यावर नजर ठेवून काही सेकंद ती शांतपणे धरता आली पाहिजे. आणि दिवसाच्या शेवटच्या बाणालाही पहिल्यासारखेच ओढता आले पाहिजे. यातले एकही जमत नसेल, तर ते धनुष्य आपले नाही. अजून तरी नाही.

खांदा बरा झाल्यावर मी पुन्हा 24 पौंडांपासून सुरुवात केली. दोन वर्षांनी 34 पर्यंत पोचले आणि तिथेच थांबले. ते 45 पौंडांचे धनुष्य माझ्या प्रयोगशाळेतील टेबलामागे भिंतीवर टांगलेले आहे. नवा विद्यार्थी एखादे प्रारूप घेऊन येतो, समीकरणे अचूक असतात, आलेख देखणा असतो, आणि तरी निरीक्षणाशी काही जुळत नसते, तेव्हा मी त्याला ते धनुष्य खाली काढून ओढायला देते. मग विचारते, "तुझ्या समीकरणात ओढणारा कुठे आहे?"